आधी नकाशा

१८८१चा ऑगस्ट. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ब्रेमार गावी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेव्हा तिशी ओलांडलेला होता. छातीच्या दुखण्यानं कायमचा बेजार, लेखक म्हणून थोडंफार नाव, कमाई मात्र जेमतेम. बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा लॉइड पावसामुळे घरात कोंडला गेला होता. बारा-तेरा वर्षांचं पोर, रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसायचं, आणि हा सावत्र बापही कधीकधी त्याच्या शेजारी बैठक मारायचा. अशाच एका बैठकीत स्टीव्हन्सननं एका बेटाचा नकाशा रंगवला. त्याचा आकार, त्याची बंदरं त्याला इतकी आवडली की त्यानं लगेच बेटाला नाव देऊन टाकलं, ‘ट्रेझर आयलंड’. गोष्टीचा तेव्हा पत्ताच नव्हता. नकाशाकडे बघता बघता त्यातल्या काल्पनिक झाडीतून रापलेले चेहरे आणि चकाकती हत्यारं डोकावायला लागली, आणि आपण कधी प्रकरणांची यादी लिहायला घेतली ते कळलंच नाही, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे.

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली आणि झरा आटला. उरलेलं पुस्तक त्याच हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दावोसला पुरं झालं. मुलांच्या साप्ताहिकात ते क्रमशः आलं, तेही टोपणनावानं. १८८३ साली पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा हस्तलिखिताबरोबर पाठवलेला नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही. झाली का पंचाईत! स्टीव्हन्सनला आपलंच पुस्तक कंपास हातात घेऊन पुन्हा वाचावं लागलं. कोणती टेकडी कुठल्या दिशेला, जहाज कुठे नांगरलं, ओढा कुठे मिळतो, अशा सगळ्या उल्लेखांची यादी करून त्यांना जुळेल असा दुसरा नकाशा बेतायचा होता. तो त्यानं वडिलांच्या कचेरीत काढवून घेतला. वडील थॉमस स्टीव्हन्सन, दीपगृहं बांधणारे नामांकित अभियंते. त्यांनी गोष्टीतल्या चाच्याची, कॅप्टन फ्लिंटची, खोटी सही हुबेहूब ठोकून दिली. गोष्ट लिहिली जात असतानाच ते तिच्या नादी लागले होते. गोष्टीतल्याच बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय सापडतं, त्याची यादी करण्यात त्यांनी जवळजवळ एक दिवस घालवला, आणि फ्लिंटच्या जहाजाचं नावही त्यांनीच सुचवलं. लेकानं घराण्याचा धंदा सोडला म्हणून एके काळी खट्टू झालेला हा बाप, चाचेगिरीच्या कागदपत्रांत मात्र अगदी मनापासून भागीदार झाला.

दुसरा नकाशा काटेकोर होता. त्यात देवमासे होते, शिडाची जहाजं होती. पण माझ्या लेखी ते ‘ट्रेझर आयलंड’ कधीच नव्हतं, असं स्टीव्हन्सन म्हणतो. मला या हकिकतीत हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिल्या नकाशाच्या पोटातून गोष्ट निघाली होती. दुसरा गोष्टीच्या पोटातून निघाला. वाचकाला दोन्ही सारखेच, आणि आज आपण पुस्तकात बघतो तो दुसराच. पण जो कागद अजून घडायच्या गोष्टीकडे बोट दाखवतो तो वेगळा, आणि घडून गेलेल्याची नोंद ठेवतो तो वेगळा.

साहसकथा, संगीत आणि वास्तुकला यांचा एकमेकींशी काय संबंध, याचा विचार करताना मी नेहमी या कागदापाशी येऊन थांबतो. नकाशा म्हणजे बेट नव्हे, स्वरलिपी म्हणजे गाणं नव्हे, आराखडा म्हणजे घर नव्हे. तिन्ही कागद दुसऱ्या कुणीतरी चालून, गाऊन, राहून पुरे करायचे असतात, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. चित्र एका नजरेत निदान समोर तरी येतं. इमारत येत नाही. जिना चढावा लागतो, वळावं लागतं, मग कुठे दालन दिसतं. सुराचंही तेच, पानाचंही तेच.

स्टीव्हन्सनच्या बाबतीत तर हे तिन्ही धागे एकाच घरात गुंतलेले होते. त्याचे आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचं नाव बेल रॉकच्या दीपगृहाशी कायमचं जोडलेलं आहे. आर्ब्रोथच्या किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत, समुद्रात बुडालेला खडक. भरतीला पूर्ण पाण्याखाली, ओहोटीला काही तास उघडा. काम करायचं ते त्या काही तासांत. १८०७ साली सुरुवात झाली, १८११च्या फेब्रुवारीत दिवा लागला. मुख्य अभियंता म्हणून जॉन रेनी यांचं नाव कागदोपत्री होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर दोन्ही घराण्यांत पुढे बरंच वाजलं. बांधकामाची रीत बघण्यासारखी होती. प्रत्येक दगड असा घडवायचा की त्याची जीभ शेजारच्या दगडाच्या खाचेत बसावी आणि लाटेला तो उचकटता येऊ नये. आर्ब्रोथच्या आवारात प्रत्येक थर आधी जमिनीवर मांडून पाहत. नीट बसला की दगडांवर खुणा करत, थर मोडत आणि दगड होडीत घालून समुद्रात नेत. म्हणजे सुमारे ३५ मीटर उंचीचा तो मनोरा एकदा जमिनीवर थराथरानं बांधला गेला आणि मग पाण्यात. लाटांशी झुंजायच्या आधी झालेली ही रंगीत तालीमच. मनोरा आजही उभा आहे.

लुईनंही या धंद्याचं शिक्षण घेतलं होतं. एडिनबरा विद्यापीठात तो अभियांत्रिकीसाठी दाखल झाला, वर्गांना दांड्या मारण्यात तरबेज झाला, आणि सुट्टीत बांधकामांवर पाठवला गेला. विकच्या बंदरात बांधाचं काम चालू असताना त्यानं पाणबुड्याचा जडशीळ पोशाख चढवून तळ गाठला होता. त्या अनुभवाविषयी तो खुशीत लिहितो. बांधाच्या गणिताविषयी नाही. तो बांध पुढे वादळांनी मोडला आणि शेवटी सोडून द्यावा लागला. समुद्राला स्टीव्हन्सन घराण्याचा मुलाहिजा असा काही नव्हता. १८७१ साली लुईनं दीपगृहांच्या उघडझाप दिव्याच्या नव्या रचनेवर निबंध वाचला, त्याला रौप्यपदक मिळालं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं वडिलांना सांगून टाकलं की हे काम माझ्याच्यानं होणार नाही. पदक मिळाल्यावर धंदा सोडायचा, हे टायमिंग मला फार आवडतं. जमत नव्हतं म्हणून सोडलं असं म्हणायची सोयच त्यानं ठेवली नाही. तडजोड म्हणून तो वकील झाला, आणि वकिली केली नाही ती नाहीच.

पण समुद्राचं ते शिक्षण वाया गेलं नाही. १८७० साली डू आर्टाखच्या दीपगृहाचं काम चालू असताना तो एरेड नावाच्या छोट्या बेटावर काही आठवडे राहिला होता. तिथे दगड घडवण्याचं आवार होतं. सोळा वर्षांनी ‘किडनॅप्ड’ लिहिताना त्यानं आपला नायक जहाज फुटल्यावर नेमका याच बेटावर आणून टाकला. पोरगा बिचारा तिथे दिवसचे दिवस पावसात कुडकुडतो, कच्च्या शिंपल्या खातो, सुटकेची वाट बघतो. जवळून जाणारे कोळी त्याच्याकडे बघून हसतात तेव्हा त्याला उलगडतं की एरेड हे पुरतं बेटच नाही. ओहोटीला समोरच्या किनाऱ्यावर सरळ चालत जाता येतं! साहसकथेत इतकं लाजिरवाणं आणि इतकं खरं संकट मी दुसरं वाचलेलं नाही. ते सुचायला भरती-ओहोटीचं वेळापत्रक डोक्यात मुरलेला माणूस लागतो. लेखकानं आपला प्रदेश हाताच्या तळव्यासारखा ओळखला पाहिजे, अंतरं, दिशा, सूर्य कुठे उगवतो, चंद्र कसा वागतो, सगळं, असं त्याचं म्हणणं होतं. हे बोल कादंबरीकाराचे आहेत, पण त्यांच्या मागे वडिलांची कचेरी स्पष्ट दिसते.

घराण्याचं काम आपण टाकलं, ही बोच त्याला होती. १८८७च्या संग्रहातल्या एका कवितेत तो म्हणतो, की मी दुबळेपणानं पूर्वजांचे कष्ट नाकारले आणि घरात बसून लहान मुलासारखा कागदाशी खेळत राहिलो असं माझ्याबद्दल म्हणू नका. त्यापेक्षा म्हणा, की दिवसभर राबलेल्या एका कुटुंबानं हातावरची ग्रॅनाइटची धूळ झटकली, किनाऱ्यावर उभे असलेले आपले मनोरे मावळत्या उन्हात डोळे भरून पाहिले, आणि संध्याकाळ शेकोटीजवळ या पोरखेळात घालवली. ही तोड मोठी देखणी आहे, पण मला ती पुरती पटत नाही. पोरखेळ म्हणून त्यानं जे बाजूला ठेवलं, ते बेल रॉकइतकंच पक्क्या खाचांनी जोडलेलं आहे.

आणि संगीत? त्यात तो अगदी सामान्य होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फ्लॅजिओलेट नावाची एक छोटी बासरी तो वाजवायचा, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावरच्या घरातही तिच्यावर चिकाटीनं सूर काढत बसायचा. पण त्याच्या कवितांमागे चाली असत. ‘द व्हॅगाबाँड’ या भटक्याच्या कवितेखाली त्यानं स्वच्छ लिहिलं आहे की ही संगीतकार शूबर्टच्या एका चालीवर आहे. स्टीव्हन्सन १८९४ साली सामोआत वारला. दहा वर्षांनी व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकारानं तीच कविता घेतली, शूबर्टला बाजूला सारलं आणि पावलांच्या ठेक्यावर स्वतःची चाल बांधली. आता ती कविता त्याच चालीवर ओळखली जाते. ज्या साच्यावर शब्द ओतले होते तो काढून घेतला तरी शब्द उभे राहिले, एवढंच नाही, तर नव्या सुरांना त्यांनीच आधार दिला. कमानीचा लाकडी सांगाडा काढल्यावर कमान स्वतःच्या वजनावर उभी राहते, तसं.

वास्तुकला म्हणजे गोठलेलं संगीत, हे वाक्य जर्मन कवी गटेच्या नावावर सांगितलं जातं. त्याच्या काळातल्या जर्मन विचारवंतांत ही कल्पना फिरत होती आणि त्यानंही ती बोलून दाखवली होती. तेव्हापासून इमारतींवर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता ती एकदा तरी फेकतोच. मला ती कधीच आवडली नाही. संगीत गोठवलं तर उरतं काय? आणि इमारत तरी कुठे गोठलेली असते? सकाळचं ऊन वेगळं, पावसातला आवाज वेगळा, माणसांनी भरलेलं दालन वेगळं नि रिकामं वेगळं.

या कल्पनेच्या मोहात भलेभले पडतात. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर ब्रुनेलेस्कीनं तो अजस्र घुमट उभारला, आणि २५ मार्च १४३६ला पोपच्या हस्ते कॅथीड्रलची प्रतिष्ठापना झाली. त्या सोहळ्यासाठी ग्यिओम द्युफे या संगीतकारानं एक रचना केली होती. तिच्या चार भागांतल्या कालमानाचं प्रमाण ६:४:२:३ असं आहे. १९७३ साली चार्ल्स वॉरन या संगीत-अभ्यासकानं दाखवून दिलं की हे प्रमाण थेट त्या इमारतीच्या मापांवरून आलं आहे. केवढी सुंदर गोष्ट! घुमट आणि गाणं एकाच मोजपट्टीवर. वीस वर्षं ती वर्गावर्गांतून सांगितली गेली. मग १९९४ साली क्रेग राइट यानं मापं पुन्हा तपासली आणि ती जुळत नाहीत असं सांगितलं. त्याच्या मते हे आकडे बायबलमध्ये वर्णन केलेल्या सॉलोमनच्या मंदिराचे आहेत. म्हणजे द्युफेनं समोरची इमारत मोजली नव्हती. त्यानं पुस्तकात वाचलेली, कुणीही न पाहिलेली इमारत सुरांत उभी केली होती. मला तर ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त साहसी वाटते.

घुमट आणि गाणं खरोखर एकाच रेघेतून निघालेलं बघायचं असेल तर यानिस झेनाकिस या ग्रीक संगीतकाराकडे जावं लागतं.

याचं आयुष्यच मुळात साहसकथेच्या लेखकानं बेतल्यासारखं आहे. १९२२ साली रुमानियात ग्रीक कुटुंबात जन्म, अथेन्समध्ये अभियांत्रिकीचं शिक्षण, त्यातच महायुद्ध. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात तो प्रतिकार चळवळीत उतरला. जर्मन गेल्यावर रस्त्यावरची लढाई ब्रिटिश सैन्याशी सुरू झाली, त्यात रणगाड्याच्या गोळ्याचा तुकडा लागून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फाटली आणि एक डोळा कायमचा गेला. पुढे धरपकड सुरू झाल्यावर १९४७ साली खोट्या पासपोर्टवर तो देशाबाहेर निसटला. मागे त्याच्या गैरहजेरीत त्याला देहदंडाची शिक्षा झाली. पॅरिसला पोचल्यावर पोटासाठी वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात नोकरी मिळाली, अभियंता म्हणून, हिशेब आणि गणितं करायला.

त्याला करायचं होतं संगीत. तिशीला टेकलेला माणूस, शिक्षण अर्धवट. एकेक गुरू त्याच्या रचनेतल्या व्याकरणाच्या चुका काढत होते. शेवटी तो संगीतकार ऑलिव्हिए मेसियांकडे गेला आणि विचारलं, मी हार्मनी पहिल्यापासून शिकू का? मेसियांनी सांगितलं, नको. तुम्ही ग्रीक आहात, वास्तुरचनेत काम करता, गणित शिकलेले आहात. हेच सगळं संगीतात आणा. गुरूनं दिलेला यापेक्षा धाडसी सल्ला माझ्या तरी वाचनात नाही. आपल्याकडे तर अशा शिष्याला वर्षभर पलटे घोटायला बसवलं असतं. त्यातही चूक काही नसतं, पण झेनाकिस घडला नसता.

त्यानं काय केलं? आलेख-कागद घेतला. आडवा काळ, उभा स्वर. त्यावर सरळ रेघा ओढल्या. एक रेघ म्हणजे एक व्हायोलिन, जे खालच्या सुरावरून वरच्या सुरावर न थांबता घसरत जातं. आपण मींड म्हणतो तिची ही लांबच लांब, न वळणारी बहीण. अशा डझनावारी रेघा, प्रत्येकीचा उतार वेगळा. ‘मेटास्टासिस’ ही ती रचना. १९५३-५४ साली लिहिलेली, १९५५ साली जर्मनीत पहिल्यांदा वाजली. वाद्यवृंदात ६१ जण, त्यांतली ४६ तंतुवाद्यं, आणि प्रत्येकाला वेगळा कागद. सहसा सगळ्या पहिल्या व्हायोलिनवाल्यांच्या पुढ्यात एकच ओळ असते. इथे शेजारी काय वाजवतो त्याच्या आधारावर जायची सोयच नाही. ऐकताना स्वर मोजता येत नाहीत. एक मोठं पापुद्र्यासारखं काहीतरी वाकतं, पसरतं, मिटतं. अथेन्समधल्या मोर्चात लाखो कंठांची एक घोषणा लयीत उठते, मग मशीनगन सुरू होतात आणि ती लय फुटून गोंधळ होतो, तो आवाज त्यानं ऐकला होता. त्यात एकेका माणसाच्या आवाजाला अर्थ नव्हता, जमावाला होता, असं तो सांगे.

आता कागदाकडे परत. दोन काठ्या घ्या, एकमेकींना समांतर नसलेल्या. दोघींवर सारख्या अंतरावर खुणा करा आणि पहिलीची पहिली खूण दुसरीच्या पहिलीला, दुसरी दुसरीला, अशा दोऱ्यांनी जोडत जा. प्रत्येक दोरा सरळ, तरी तयार होणारं पान घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं. झेनाकिसच्या घसरत्या व्हायोलिनांचा आलेख नेमका असा दिसतो. १९५६ साली फिलिप्स कंपनीनं ल कॉर्ब्युझिएला ब्रुसेल्सच्या १९५८च्या प्रदर्शनासाठी दालन मागितलं. मी तुम्हाला दालन नाही, विजेवरची कविता देईन, असं म्हणून गुरुजी चंदीगडच्या कामात गुंतले आणि आकार शोधायचं काम आलं झेनाकिसकडे. त्यानं तेच वळलेले पृष्ठभाग घेतले, एकाला एक भिडवले, आणि तंबूसारखं टोकांनी आकाशात घुसलेलं काँक्रीटचं दालन उभं केलं. जेमतेम ५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे तुकडे, ताणलेल्या पोलादी तारांनी धरलेले. आत संगीतकार एडगार व्हारेझची आठ मिनिटांची ध्वनिफितीवरची रचना तीनशेहून अधिक स्पीकरमधून भिंतींवरून सरपटत जायची. एक जथा बाहेर जाऊन दुसरा आत येईपर्यंत झेनाकिसची स्वतःची छोटी रचना वाजे. ती जळत्या कोळशाच्या तडतडीतून बनवलेली होती.

श्रेयावरून इथेही वाजलंच. दालनावर आपलं नाव हवं म्हणून झेनाकिसला भांडावं लागलं, ते मिळालं, पण १९५९ साली कार्यालयाशी संबंध तुटला. त्याच वर्षी जानेवारीत दालनही पाडून टाकलं होतं. पाडलं त्याचं मला फार दुःख होत नाही, प्रदर्शनातली दालनं पाडण्यासाठीच असतात. ल्याँजवळच्या ला तुरेतच्या मठात त्यानं आखलेली काचेची भिंत आहे. उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या कुठे दाट, कुठे विरळ, लय घट्ट व्हावी आणि सैल व्हावी तशा. चंदीगडच्या इमारतींतही तीच रीत वापरली आहे. ती भिंत चालत चालत बघायची. उभं राहून बघितली तर ती नुसती खिडकी आहे.

संगीत लिहून ठेवायचं आणि वाजवणाऱ्याच्या हाती द्यायचं, ही पश्चिमेची रीत झाली. आपल्याकडे कागद नव्हता. मग नकाशा कुठे होता? माझं उत्तर असं, की राग हाच नकाशा. त्यात वाटा आखलेल्या नाहीत. कुठे जाता येतं, कुठे जाता येत नाही, कुठल्या वळणानं गेलं तर शोभतं, एवढंच दिलेलं आहे. चालायचं ज्यानं त्यानं. विलंबित ख्यालातली बढत म्हणजे एकेक सूर मोकळा करत, त्याच्या भोवतीचा परिसर पालथा घालत पुढे सरकणं. पुढचा सूर दिसत असतो, पण घाई नाही. मारव्यात तर हे पराकोटीला जातं. तिथे पंचम मुळातच नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावरच सगळा मुक्काम, आणि षड्ज, ज्याच्यावर तंबोरा अखंड वाजतो आहे, तो टाळायचा. त्याला स्पर्श करायचा नाही, जवळून वळसा घालायचा. घर डोळ्यांसमोर आणि पाय मात्र लागत नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला मारवा ऐकताना मला दर वेळी हीच धास्ती वाटते, की हा माणूस आज परत येतो की नाही. आणि ते षड्जावर येतात तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटतं, मग लगेच ते पुन्हा निघून जातात. खजिना पुढे पुढे ढकलणारे कादंबरीकार पुष्कळ आहेत. इतक्या संयमानं ढकलणारा मला सापडलेला नाही.

आपल्याकडे कागद रुजवणाऱ्यांत मोठं नाव विष्णु नारायण भातखंड्यांचं. हेही वकीलच. वकिली सोडलेल्यांनी जगाचं किती भलं केलं आहे, यावर कुणीतरी लिहायला हवं. भातखंडे देशभर हिंडले, दक्षिणेत गेले, रामपूर-जयपूरच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, दहा थाटांत राग लावले, स्वरलिपीत शेकडो बंदिशी छापल्या. ज्यांनी आपल्या विद्येला आयुष्यभर कुलूप लावलं त्यांच्या दारात जाऊन बसायचं, हे काम समुद्रातल्या खडकावर उतरण्यापेक्षा कमी जिकिरीचं नव्हतं. गवयांनी तेव्हा नाक मुरडलं, आजही मुरडतात, की कागदावर गायकी उतरत नाही. खरंच आहे. पण तसा दावा नकाशा काढणारा करतच नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली बंदीश जशीच्या तशी गाणारा विद्यार्थी स्टीव्हन्सनच्या दुसऱ्या नकाशावर चालतो आहे. तीच बंदीश हाती घेऊन जो हरवायला तयार होतो, त्याला पहिला नकाशा गवसतो.

झूल व्हर्नचं नाव इथवर आलं नाही, याचं मराठी वाचकाला नवल वाटलं असेल. भा. रा. भागवतांनी तो आपल्या घरात आणून सोडला, तेव्हा त्याच्याशी आपलं नातं जुनं आहे. पुढे अमियाँ शहरात स्थिरावलेला, नगरपालिकेत निवडून आलेला, शहराच्या नव्या सर्कस-इमारतीच्या उद्घाटनाला भाषण करणारा हा गृहस्थ, तरुणपणी एका संगीतकार मित्रासाठी संगीतिकांच्या संहिता लिहीत असे. म्हणून असेल, पण पाण्याखालच्या त्याच्या पाणबुडीत त्यानं एक भलंमोठं ऑर्गन बसवलं. कॅप्टन नेमो रात्री एकटा ते वाजवत बसतो. हा नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, हे पुढच्या एका कादंबरीत उघड होतं. व्हर्नच्या मनात आधी रशियावर सूड घेणारा पोलिश माणूस होता, प्रकाशकानं ते चालू दिलं नाही. नेमोजवळ सगळं आहे. स्वतः आखलेलं जहाज, चित्रं, ग्रंथ, सूर. फक्त देवाणघेवाण नाही. त्या ऑर्गनला श्रोता नाही, आणि एखादा चुकून दाराशी आलाच तर नेमोच्या लेखी तो नसल्यासारखाच. लहानपणी मला त्या पाणबुडीत राहायला जायचं होतं. आता त्या वादनाची भीती वाटते. ज्या सुरांत दुसऱ्या कुणाला शिरायला जागाच ठेवलेली नाही, ते किती का थोर असेनात.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या अगदी उलट टोकाचा. १५८० ते १६२७ अशी त्याची कारकीर्द. त्याला नवरसांच्या कल्पनेनं असं झपाटलं की पुस्तकाचं नाव ‘किताब-ए-नवरस’ आणि वसवलेल्या शहराचं नाव नवरसपूर. पुस्तकात दखनीतली साठेक पदं आहेत. त्यांत सरस्वती आहे, गणपती आहे, लाडका हत्ती आतिशखान आहे, आणि त्याचा तंबोरा मोतीखान आहे. तंबोऱ्याला खानकी देणारा राजा! शहराचं काम १५९९च्या सुमारास विजापूरच्या पश्चिमेला धूमधडाक्यानं सुरू झालं, आणि पुरं होण्याआधीच १६२४ साली मलिक अंबरच्या फौजांनी ते लुटलं. त्यानंतर ते उभं राहिलंच नाही. तोरवीजवळ संगीत महाल म्हणून ओळखली जाणारी इमारत भग्नावस्थेत आहे, बाकी विखुरलेले अवशेष. दगडात बांधलेलं शहर पाव शतक टिकलं आणि कागदावरची पदं चारशे वर्षांनी आपल्या हातात आहेत.

पण हातात आहे ते काय? पदांवर रागांची नावं आहेत, कानडा, भैरव, केदार, मल्हार. चाली नाहीत. आणि त्या काळी कानडा म्हणून जे गात, ते आजच्या कानड्याशी जुळेलच असं नाही. दोन माणसांच्या गळ्यांत जिथे एक राग सारखा उतरत नाही, तिथे चारशे वर्षांचं काय घेऊन बसलात. आज एखाद्या गायकाला मोतीखानावरचं पद गावंसं वाटलं, तर शब्द सुलतानाचे, रागाचं नाव सुलतानानं दिलेलं, आणि बाकी सगळं त्यालाच बांधावं लागेल. एखाद्या चांगल्या, जिद्दीच्या गायकानं ते करावं अशी माझी फार इच्छा आहे. ते मूळ चालीसारखं झालं की नाही, हे ठरवायला कुणी शिल्लक नाही, हे त्याच्या पथ्यावरच पडेल.